ओला आणि सुका: दोन डब्यांमागची पार्श्वभूमी

१६ फेब्रुवारी २०१८ रोजी औरंगाबादजवळच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) नारेगाव-मांडकी भागातल्या गावकऱ्यांनी महापालिकेच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं अख्ख्या शहराचा कचरा त्यांच्या शिवाराला लागून येऊन पडत होता. दुर्गंधी, माश्या, धूर आणि खराब झालेलं पाणी सोसून लोक थकले होते, त्यामुळे या वेळी कोणी मागे हटलं नाही. शहरात रस्त्यारस्त्याला ढीग साचले, वर्तमानपत्रांत ‘कचराकोंडी’ हा मथळा रोजचा झाला. ७ मार्चला शहरालगतच्या मिटमिट्यात गाड्या नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा दगडफेक आणि लाठीमारापर्यंत गोष्ट गेली. पुढे पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आलं.

पर्यावरणपूरक राहणीबद्दल बोलताना आपण कापडी पिशवी, सौर दिवे, कमी पाणी यांची यादी करतो. त्या यादीत ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणं ही गोष्ट सगळ्यात साधी. दोन डबे लागतात आणि थोडं लक्ष लागतं. पण ही सवय जाहिरातींतून किंवा सरकारी फलकांतून जन्माला आली, असं मानणं अन्यायाचं होईल. ती आपल्यापर्यंत आली ती कचरा वेचणाऱ्या बायकांमुळे आणि कचरा डेपोशेजारी राहणाऱ्या गावांमुळे. त्यांचा हा इतिहास माहीत असायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

दोन पिढ्यांपूर्वीच्या गावात वेगळं करण्यासारखं फारसं काही नव्हतं. शेण, राख, भाजीचे देठ, गोठ्यातला केर, सगळं उकिरड्यावर जायचं आणि पावसाळ्याआधी गाडी भरून शेतात पडायचं. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असं आपण म्हणतो. शेतकऱ्याच्या घरी तो दरवर्षीच फिटायचा. चिंध्या, फुटकी भांडी, जुने कपडे यांचीही सोय होती. बोहारीण दारावर यायची, भंगारवाला यायचा, गोधडी तर घरोघरी शिवली जायची. या व्यवस्थेचं उगाच कौतुक करायला नको, कारण घाण उचलण्याचं काम जातीने ठरवून दिलेलं होतं आणि ते करणाऱ्यांना गावकुसाबाहेर राहावं लागत होतं.

कुजण्याच्या या क्रियेला शास्त्राची जोड मिळाली इंदूरमध्ये. १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड तिथल्या शेती संशोधन संस्थेत काम करत होते आणि त्यांच्यासोबत होते यशवंत वाड. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी ढीग उलथायचा, की साधारण तीन महिन्यांत खत तयार. ही ‘इंदूर पद्धत’ दोघांनी १९३१ साली पुस्तकातून मांडली आणि ती जगभर गेली. हॉवर्ड यांचं नाव सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक चर्चेत निघतं, वाड यांचं मात्र क्वचितच. कोकणात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी हाच धागा आणखी अवघड जागी नेला. कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून त्यांनी मैल्याचं सोनखत करणारे साधे संडास लोकांसमोर ठेवले. भंगीमुक्ती, म्हणजे हाताने मैला उचलण्याच्या कामातून माणसांची सुटका, आणि खत हे त्यांच्या लेखी एकच काम होतं.

शहरांनी मात्र वेगळी वाट धरली. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईत स्वच्छतेचा अर्थ घाण लवकरात लवकर वस्तीबाहेर नेणं असा झाला. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून वापरात आहे. कचऱ्यात बहुतेक कुजणारंच होतं तोवर हे कसंबसं चाललं. मग घरातल्या वस्तूच बदलल्या. मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटलीतून यायचं. रिकामी बाटली केंद्रावर परत द्यायची आणि भरलेली घ्यायची. तिची जागा प्लास्टिकच्या पिशवीने घेतली. किराणा कागदी पुड्यांतून पाकिटांत गेला.

ओलं आणि प्लास्टिक एकत्र ढिगात पडलं की काय होतं, हे समजून घेतलं तर पुढचा सगळा संघर्ष कळतो. ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही. हवेविना अन्न सडतं तेव्हा मिथेन तयार होतो. तो पेट घेतो आणि वरचं प्लास्टिक दिवसेंदिवस धुमसत राहतं. कुजलेल्या अन्नातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत उतरून विहिरींत जातं. उरलीसुरली रद्दी आणि पुठ्ठा आमटी-भाताने माखून निकामी होतो. म्हणजे ज्याचं खत झालं असतं तेही गेलं आणि जे विकलं गेलं असतं तेही गेलं.

हे नुकसान सगळ्यात आधी ओळखलं ते कचऱ्यात हात घालणाऱ्यांनी. १९७२च्या दुष्काळानंतर गाव सोडून पुण्यात आलेल्या कुटुंबांतल्या अनेक बायका, बहुतेक दलित समाजातल्या, कुंड्यांमधून कागद, काच, पत्रा वेचून पोट भरत होत्या. कुत्री मागे लागायची, पोलीस चोर म्हणून हटकायचे, भंगार दुकानदार भाव पाडायचा. १९९०च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या बायकांपर्यंत पोहोचल्या. साक्षरतेचे वर्ग घेता घेता एक गोष्ट पुढे आली: घरातच सुकं वेगळं ठेवलं आणि ते थेट या बायकांच्या हाती दिलं, तर कुंडीत उतरावं लागत नाही, माल स्वच्छ मिळतो आणि त्याच वेळेत जास्त पैसे होतात. ओला-सुका वेगळा करण्याची मागणी पुण्यात अशी आली, पोटापाण्याची आणि माणूस म्हणून वागवलं जाण्याची मागणी म्हणून.

मे १९९३ मध्ये ज्येष्ठ समाजवादी कार्यकर्ते डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात कचरावेचकांचं अधिवेशन भरलं आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. त्यांनीच उभारलेल्या हमालांच्या संघटनेचा, हमाल पंचायतीचा, अनुभव पाठीशी होता. १९९५-९६ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी कचरावेचकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. त्या एका कार्डाने पोलिसांशी बोलण्याचा सूर बदलला. पुढे याच बायकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेने तिच्याशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. आज तीन हजारांहून अधिक कचरावेचक तिच्या सभासद आहेत. सकाळी ढकलगाडी घेऊन येणारी, डबा उघडून एका नजरेत ‘वेगळा केला नाही का आज?’ विचारणारी ताई ही त्या ३० वर्षांची वारस आहे.

तिचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. गाडी भरली की ती शेडपाशी बसते आणि हाताने माल लावते. पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, पुठ्ठा वेगळा. प्लास्टिकची बाटली, तिचं झाकण आणि वरचं लेबल यांचा भाव एक नाही. दुधाची पिशवी धुऊन वाळवलेली असेल तर तिला गिऱ्हाईक आहे. आत दूध आंबलेलं असेल तर तीच पिशवी दुर्गंधीमुळे बाजूला पडते. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, नुसती चीर द्यावी, कारण तो नखाएवढा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही, थेट गटारात जातो. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, ही पुण्यातली मोहीम याच बायकांच्या अनुभवातून आली. उघडा पॅड रोज हाताने बाजूला करावा लागणं काय असतं, याची कल्पना करायलासुद्धा आपण तयार नसतो.

कायदा या सगळ्याच्या मागून आला. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि देश हादरला. १९९६ मध्ये बेंगळुरूच्या अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या अहवालानंतर २००० साली घनकचऱ्याचे नियम निघाले. ३१ डिसेंबर २००३पर्यंत प्रत्येक शहराने प्रक्रिया केंद्रं उभारावीत, असं त्यात होतं. बहुतेकांनी ती मुदत सरळ उलटू दिली. २०१६च्या नियमांनी घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा करणं बंधनकारक केलं आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितलं.

नियमांपेक्षा गावांनी जास्त हलवलं. पुण्याचा कचरा १९९०च्या दशकापासून उरुळी देवाची-फुरसुंगीला जात होता. तिथल्या गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा गाड्या रोखल्या. शहरात प्रभागांमध्ये लहान बायोगॅस प्रकल्प, सोसायट्यांत गांडूळखताचे खड्डे, मिळकतकरात सवलत या गोष्टींना वेग आला, त्यात या आंदोलनांचा मोठा वाटा आहे. मुंबईत जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटलं, धुराने शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने कचऱ्याची सोय होईपर्यंत नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर बंदी घातली. ऑक्टोबर २०१७ पासून महापालिकेने दिवसाला १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या आणि मोठ्या आवाराच्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं.

प्लास्टिकबंदीचा प्रवासही आपत्तीतूनच झाला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या गटारांत पिशव्यांचे बोळे सापडले. पातळ पिशव्यांवर बंदी आली, २००६चा कायदा आला आणि त्याच कायद्याखाली २३ मार्च २०१८ची व्यापक बंदी. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठरला. तरी मंडईत आज पातळ पिशवी मागितली की मिळते.

छोट्या गावांना हे जमतं याचा पुरावा वेंगुर्ल्यात आहे. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगरपरिषदेने घरूनच वेगळा केलेला कचरा घ्यायला सुरुवात केली, ओल्याचा बायोगॅस आणि खत, निरुपयोगी प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात. जिथे ढीग होता ती जागा लोक बघायला येऊ लागले.

घरी खत करणं त्याहून सोपं. बुडाला आणि बाजूला भोकं पाडलेली बादली, तळाशी नारळाच्या शेंड्या, मग ओला कचरा आणि त्यावर तेवढाच पालापाचोळा. वास येऊ लागला तर पाणी जास्त आणि हवा कमी झाली आहे. वाळलेली पानं वाढवायची आणि काठीने हलवायचं. शेंगांची टरफलं, उसाची चिपाडं सगळं चालतं. तेलकट आणि मांसाहारी उरलेलं सुरुवातीला टाळावं.

आपल्या घरातून बाहेर जाणाऱ्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक ओलाच असतो. तो घरी किंवा आवारात जिरला, की उरलेलं कोरडं राहतं आणि ते उचलणाऱ्या बाईला त्याचा भाव मिळतो. पण डबे वेगळे ठेवूनही काही सोसायट्यांत खाली उभ्या असलेल्या ठेकेदाराच्या गाडीत दोन्ही एकत्र ओतले जातात. त्यातच, करार संपत आला की ‘स्वच्छ’च्या बायकांना दर वेळी नूतनीकरणासाठी महापालिकेत खेटे घालावे लागले आहेत. घरोघरचा कचरा कोणाच्या हाती द्यायचा हा निर्णय नगरसेवक आणि अधिकारी घेतात. आपल्या प्रभागात तो विषय येईल तेव्हा सोसायटीच्या बैठकीत या बायकांच्या बाजूने ठराव करून तो पालिकेला पाठवणं, हे दुसरा डबा ठेवण्याइतकंच आपलं काम आहे.