दहा अँपिअर-अवरची बॅटरी वजनाला किती भरते?

गेल्या महिन्यात स्वयंपाकघरातली कपाटं बसवायला आलेल्या सुतारकाकांकडे कॉर्डलेस ड्रिलच्या दोन बॅटऱ्या होत्या. एक जुनी, कडा झिजलेली, नावाजलेल्या कंपनीची. तिच्यावर ४ अँपिअर-अवर (बॅटरीत किती वीज मावते, त्याचं माप) लिहिलेलं. दुसरी नवीकोरी, ऑनलाइन सेलमध्ये स्वस्तात मिळालेली. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘८८ व्होल्ट’ आणि खाली ‘१० अँपिअर-अवर’. खिडकीवरच्या काँक्रीटच्या लिंटेलमध्ये भोक पाडताना नवी बॅटरी लावली की ड्रिल जेमतेम बोटाच्या पेराएवढं आत जाई, कण्हल्यासारखा आवाज करी आणि गप्प बसे. दोन मिनिटं थांबलं की बॅटरीवरचे तिन्ही दिवे पुन्हा हिरवे. परत लावावी, तर परत तेच. जुनीनं मात्र चारही भोकं मुकाट्यानं पाडली.

“ताई, डबा मोठा आहे, जीव नाही त्यात,” काका म्हणाले.

दिवाळीत अनारशांचं पीठ मोजायला घेतलेला डिजिटल काटा ओट्यावरच होता. जुनी बॅटरी भरली ६२५ ग्रॅम. नवी, दहा अँपिअर-अवरवाली, ३४० ग्रॅम. निकाल तिथंच लागला होता, फक्त का ते सांगायला थोडं आत शिरावं लागेल.

ड्रिलची बॅटरी म्हणजे एक अखंड बॅटरी नसते. आत रिमोटमधल्या पेन्सिल सेलपेक्षा जरा जाडजूड असे लिथियम-आयन सेल असतात. सगळ्यात रुळलेला आकार १८६५० या नावानं ओळखला जातो: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचा शून्य म्हणजे सेल दंडगोल आहे. अशा एका सेलचा सरासरी विद्युतदाब, म्हणजे व्होल्टेज, ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. पाच सेल एकामागे एक जोडले की १८ व्होल्ट. हा १८ चा आकडा लिथियमच्या आधीपासूनचा आहे. जुन्या निकेल-कॅडमियम सेलचा दाब १.२ व्होल्ट, म्हणजे त्यांचे पंधरा सेल लागत. २००५ च्या सुमाराला लिथियम बॅटऱ्या हत्यारांत आल्या, तेव्हा पंधरांच्या जागी पाचांत काम भागलं, कारण ३.६ ही १.२ ची नेमकी तिप्पट आहे.

अमेरिकेत ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणून विकला जाणारा पॅक युरोपात १८ व्होल्टचा म्हणून विकतात. आत तेच पाच सेल. एकानं नुकत्याच भरलेल्या बॅटरीचा दाब सांगायचा, दुसऱ्यानं सरासरी. ही झाली सभ्य चलाखी. ८८ व्होल्टसाठी मात्र पंचवीस सेल लागतील. सेलचं वजन साधारण ४५ ते ४८ ग्रॅम, म्हणजे नुसते सेलच सव्वा किलोच्या जवळ. काट्यावर ३४० ग्रॅम.

आता क्षमतेचं बघू. पाच सेलांची एक रांग दिली की दाब १८ व्होल्ट, क्षमता एका सेलइतकी. तशीच दुसरी रांग शेजारी जोडली की दाब तेवढाच, क्षमता दुप्पट. काकांची ४ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे दोन-दोन अँपिअर-अवरच्या दहा सेलांची. १८६५० आकाराच्या चांगल्यात चांगल्या सेलमध्ये सुमारे साडेतीन अँपिअर-अवर मावतात, म्हणून १० साठी तीन रांगा, पंधरा सेल, ७०० ग्रॅम. आकार बदलून २१७०० घेतला (२१ मिलिमीटर व्यास, ७० लांबी), तर पाच अँपिअर-अवरच्या दहा सेलांत भागतं, पण तो सेल ७० ग्रॅमच्या आसपास असतो. हिशेब पुन्हा ७०० ग्रॅमवरच येतो. यात प्लास्टिकचं खोकं आणि सर्किट धरलेलंच नाही. रसायन तेच असेल तर ऊर्जा साठवायला माल लागतो, आणि मालाला वजन असतं.

पण क्षमता हा या गोष्टीतला सोपा भाग. ड्रिल मध्येच का थांबलं, ते क्षमतेनं कळत नाही. बॅटरी संपली असती तर दिवे पुन्हा कसे लागले असते?

गच्चीवर दहा हजार लिटरची टाकी आहे आणि खाली येणारा पाइप अर्ध्या इंचाचा, असं समजा. बादली भरेल, पण शॉवरखाली उभं राहिलं की धार करंगळीएवढी. सेलमधून विजेलाही अशीच वाट काढावी लागते, आणि त्या वाटेतला अडथळा म्हणजे अंतर्गत रोध. चांगल्या, हत्यारांसाठी बनवलेल्या सेलमध्ये तो २० मिलिओहमच्या (ओहम हे रोधाचं माप) आसपास असतो. हलक्या किंवा दमलेल्या सेलमध्ये ६० वरही जातो. काँक्रीटमध्ये रुतलेलं ड्रिल २० अँपिअर मागतंय असं धरून ठोकळमानानं गणित करू. काकांच्या जुन्या बॅटरीत पाच सेलांच्या एका रांगेचा रोध १०० मिलिओहम, पण रांगा दोन, म्हणजे वाटा दोन, म्हणून एकूण रोध निम्मा, ५० मिलिओहम. दाब घसरतो १ व्होल्टनं, आणि २० वॉट उष्णता दहा सेलांत वाटली जाते, प्रत्येकी २ वॉट. नव्या बॅटरीत हलक्या सेलांची एकच रांग धरली, तर रोध ३०० मिलिओहम. दाब ६ व्होल्टनं कोसळतो, १८ चे १२ होतात, आणि १२० वॉट उष्णता पाच सेलांत. प्रत्येकी २४ वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. प्रत्येक सेलच्या पोटात एकेक सोल्डरिंग आयर्न घातल्यासारखं झालं हे.

सेलचा दाब अडीच व्होल्टच्या खाली घसरायला लागला की संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं. ड्रिल थांबतं. ओझं उतरलं की दाब परत चढतो, आणि दिवे दाबावरच चालत असल्यानं तिन्ही लागतात. बॅटरीत ऊर्जा होती, पण ती हव्या त्या वेगानं बाहेर पडत नव्हती.

हा रोध कमी कसा करतात, ते मला सगळ्यात रंजक वाटतं. सेलच्या आत तांब्याची आणि अ‍ॅल्युमिनिअमची, केसाहूनही पातळ अशी लांब पट्टी असते. एकीवर ग्रॅफाइटचा थर, दुसरीवर लिथियमयुक्त ऑक्साइडचा, मध्ये सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा, आणि हे सगळं सुरळीच्या वडीसारखं गुंडाळून डबीत भरलेलं. वड्या करताना पीठ ताटावर जाड पसरलं की पोटभरीला बरं, पण सुरळी नीट होत नाही. इथंही तसंच: थर जाड दिला तर लिथियम जास्त मावतं, पण लिथियमच्या आयनांना (विद्युतभारित कणांना) खोलवर जाऊन परत यावं लागतं, म्हणून सेल संथ होतो. लॅपटॉपला असा सेल चालतो. त्याच आकाराच्या ड्रिलच्या सेलमध्ये थर पातळ आणि पट्टी लांब ठेवतात, त्यामुळे साडेतीनऐवजी अडीच अँपिअर-अवरच मावतात, पण २० अँपिअर सहज निघतात. म्हणजे ‘जास्त क्षमतेचा’ सेल ड्रिलला उलट नालायक ठरू शकतो! लॅपटॉपच्या भंगारातले सेल काढून पॅक बांधणाऱ्यांची फजिती होते ती यामुळेच.

आणखी एक अडचण. साध्या सेलमध्ये सुरळीभर पसरलेला प्रवाह एका चिंचोळ्या धातूच्या जिभेतून बाहेर पडतो. दूरच्या टोकाच्या इलेक्ट्रॉनला अख्खी पट्टी तुडवत यावं लागतं. अलीकडच्या ‘टॅबलेस’ सेलमध्ये ही जीभच काढून टाकली आहे. पट्टीची पूर्ण कड वरच्या-खालच्या चकतीला भिडवतात, म्हणजे वाट पट्टीच्या लांबीऐवजी तिच्या रुंदीएवढीच उरते. टेस्लानं २०२० मध्ये मोटारींसाठी ही कल्पना गाजवली, आणि आता ती मोठ्या ग्राइंडर-करवतींच्या पॅकमध्येही आली आहे. मोठ्या आकाराचाही फायदा असतोच. चांगल्या २१७०० सेलचा रोध १२ ते १५ मिलिओहम, त्यामुळे अशा पाच सेलांचा ४ अँपिअर-अवरचा पॅक कामाला १८६५० च्या दहा सेलांच्या पॅकच्या बराच जवळ जातो, आणि हातात हलका लागतो.

मग घ्यायचं काय? घरात पडदे, फोटो, एखादी फळी एवढंच असेल तर पाच सेलांची २ अँपिअर-अवरची बॅटरी पुरे. शिडीवर उभं राहून डोक्यावर भोक पाडताना प्रत्येक शंभर ग्रॅम खांद्याला कळतो. ग्राइंडर किंवा गोल करवत चालवायची असेल तर दोन रांगा हव्यात, नाहीतर २१७०० तरी हवेत. एका ८ अँपिअर-अवरच्या बॅटरीपेक्षा ४ च्या दोन मला केव्हाही बऱ्या वाटतात. एक चार्जरवर, एक हातात. (विमानानं नेणाऱ्यांसाठी: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरचे ९० होतात आणि केबिन बॅगेत बसतात. शंभराच्या वर एअरलाइनची परवानगी लागते.) आणि बॅटरी पूर्ण भरून एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत टाकू नये. भरलेली अवस्था आणि उष्णता, दोन्ही एकदम आली की सेल झपाट्यानं म्हातारा होतो. महिनोन्महिने लागणार नसेल तर अर्धवट भरलेली, सावलीत ठेवावी.

काकांनी ती नवी बॅटरी मलाच देऊन टाकली. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, तिथल्या एका दुरुस्तीवाल्याकडून ती उघडून घेतली. (घरी स्क्रूड्रायव्हर घालून हे करू नका, सेल शॉर्ट झाला तर आग लागते.) आत दहा सेलांचा साचा होता. पाच घरांत सेल, प्रत्येकावर १५०० मिलिअँपिअर-अवर, म्हणजे दीड अँपिअर-अवर, छापलेलं. उरलेली पाच घरं रिकामी, आणि सेल खुळखुळू नयेत म्हणून त्यांत पुठ्ठ्याच्या घड्या कोंबलेल्या.