कल्याण निधी आणि लेव्ही : ‘बोर्डाचा पैसा’ नेमका कोणाचा?

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत ‘बोर्ड’, म्हणजे माथाडी मंडळ, हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. आमच्या शेजारच्या घरात सासरे वाशीच्या दाणाबाजारात माथाडी कामगारांच्या टोळीत (गोण्या वाहणाऱ्यांच्या गटात) काम करतात आणि सून महापे येथील एका कंपनीत आहे. जूनच्या पगारपत्रकात कपातीच्या रकान्यात ‘कल्याण निधी २५’ अशी ओळ दिसली, तेव्हा तिने विचारले, “मामा, हे तुमच्या बोर्डाचे पैसे माझ्या पगारातून का कापले?” प्रश्न अगदी रास्त होता. दोन्हीकडे मंडळ आहे, दोन्हीकडे मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी शासनासोबत एका टेबलाशी बसतात आणि दोन्हींना लोक सरसकट ‘सरकारी मदत’ म्हणतात. पण पैसा कोठून येतो आणि शासन त्यात किती घालते, हे पाहिले की ही दोन मंडळे एकमेकांपासून फार दूर असल्याचे ध्यानात येते.

सुनेच्या पगारपत्रकावरील कपात महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची आहे. १९५३च्या कायद्याने हा निधी उभा राहिला. कारखाने आणि पाच किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापना त्यात येतात. व्यवस्थापक पदावरील माणसे येत नाहीत. कपात वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये होते. २०२४च्या सुधारणेनंतर कामगाराचे २५ रुपये आणि मालकाचे त्याच्या तिप्पट म्हणजे ७५ रुपये, असा सहा महिन्यांचा हिशेब आहे. शासनाने कामगाराच्या वर्गणीच्या दुप्पट रक्कम भरायची असते. म्हणजे येथे शासन केवळ देखरेख करत नाही, स्वतः वर्गणीदार आहे. एका कामगारामागे रक्कम लहान दिसते, तरी तिघांच्या वर्गणीचा एकच निधी होतो आणि त्यातून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती, कामगार कल्याण केंद्रे, शिवणवर्ग, क्रीडास्पर्धा आणि कामगार नाट्य महोत्सव चालतो. मालकाकडे तीन वर्षे पडून राहिलेले, कोणी न नेलेले वेतनसुद्धा याच निधीत जमा करावे लागते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

सासऱ्यांचे बोर्ड १९६९च्या माथाडी कायद्यातून आले. माथाडी नेते अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीने तो कायदा घडवला, कारण पाठीवर गोणी वाहणाऱ्या माणसाला कायमचा मालकच नव्हता. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या गाळ्यावर काम केल्यावर भविष्य निर्वाह निधी कोणी भरायचा, रजा कोणी द्यायची, हा प्रश्न अनुत्तरित होता. कायद्याने त्यावर काढलेला मार्ग मला आजही विलक्षण वाटतो. व्यापारी आणि टोळी या दोघांचीही मंडळात नोंदणी होते. व्यापारी झालेल्या कामाची मजुरी थेट कामगाराच्या हातात न देता मंडळात भरतो आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी वेगळी रक्कम भरतो. ही वेगळी रक्कम म्हणजे लेव्ही. मजुरी कामगाराच्या बँक खात्यात जाते, तर लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), बोनस, भरपगारी रजा यांची तरतूद होते आणि मंडळाचा कारभारही त्याच पैशावर चालतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण गैरसमजाचे मूळ तिच्यातच आहे. लेव्ही हे सरकारी अनुदान नाही. ती मालकाने कामाच्या मोबदल्यापोटी भरलेली रक्कम आहे, आणि दिवाळीपूर्वी खात्यात जमा होणारा बोनस त्याच कष्टातून आलेला असतो. शासनाने येथे दिले ते वेगळेच : कायदा, योजना, मंडळावर माणसे नेमण्याचा अधिकार आणि न भरलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची सोय. मंडळात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसंख्य असावे लागतात आणि शासनाचे सदस्य या दोघांच्या प्रतिनिधींच्या एकूण संख्येच्या एकतृतीयांशापेक्षा अधिक असू शकत नाहीत. मजुरीचे दर आणि लेव्ही यांवर संघटना व व्यापारी समोरासमोर बोलू शकतात ते या रचनेमुळे. म्हणूनच प्रतिनिधींच्या नेमणुका वेळेवर होणे हे मला अनुदानापेक्षा महत्त्वाचे वाटते. खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर निर्णय एकट्या अधिकाऱ्याच्या हाती जातो आणि त्रिपक्षीय हा शब्द कागदावरच उरतो.

या दोहोंत आणखी एक तिसरे मंडळ मिसळले जाते, ते बांधकाम कामगारांचे. त्याचा पैसा बांधकामाच्या खर्चावरील १ टक्का उपकरातून येतो. घणसोलीत इमारतीवर काम करणाऱ्याने तेथे नोंदणी करावी. माथाडी मंडळाशी त्याचा संबंध नाही.

हा फरक तक्रार करताना कामास येतो. वाशीतल्या गाळेवाल्याने टोळीची मजुरी किंवा लेव्ही मंडळात भरली नाही, तर तो वेतनाचा प्रश्न आहे. नोंदणी, टोळीची हजेरी आणि केलेल्या कामाचा हिशेब घेऊन संबंधित माथाडी मंडळाकडेच जावे लागते आणि तेथे कामगार हक्काने बोलतो. कल्याण मंडळाकडून मात्र दरमहा काही मिळत नाही. तेथे योजनेचा अर्ज करावा लागतो, मुदत पाळावी लागते आणि आपल्या नावाने वर्गणी भरली गेली आहे हे दाखवावे लागते. कंपनीने पगारातून २५ रुपये कापून पुढे भरलेच नाहीत, तर शिष्यवृत्तीच्या वेळी कामगाराचीच अडचण होते. माझ्या मते संघटनेने दर जुलै आणि जानेवारीत व्यवस्थापनाकडे भरणा झाल्याची पावती मागावी. त्यासाठी संप लागत नाही, कटुताही येत नाही.

शेजारच्या सुनेने जूनचे ते पगारपत्रक आता मुलीच्या गुणपत्रिकेसोबत एका फाइलमध्ये ठेवले आहे. मामांनी आपले बोर्डाचे ओळखपत्र वेगळ्या पाकिटात ठेवले आणि त्यावर टोळी क्रमांक ठळक अक्षरांत लिहिला.