डोळ्यांना बावीस, यंत्राला चौसष्ट

"मामा, पन्नास वेळा काहीच लागलं नाही, म्हणजे आता लागणारच."

भाच्याच्या फोनवर स्लॉट मशीनच्या खेळातली तीन रिळं गरगरत होती. खेळ खोट्या नाण्यांचा, पैशांचा व्यवहार काही नाही. पण हे वाक्य जगातल्या प्रत्येक जुगारघरात रोज बोललं जातं. मी त्याला काही सांगणार तोवर रिळं थांबली. सात, सात, आणि तिसऱ्या रिळावरचा सात मधल्या रेघेच्या अगदी एक घर खाली. "बघ! एका घरानं हुकला!" तो ओरडला.

पहिल्या वाक्यातली चूक बऱ्याच जणांना माहीत असते. दुसऱ्या वाक्यातली चूक मात्र फार थोड्यांना ठाऊक असते, आणि माझ्या मते ती कितीतरी जास्त सुंदर आहे. सुंदर म्हणजे गणित म्हणून. तो "एका घरानं हुकलेला" सात तिथे का दिसला, हे समजलं की स्लॉट मशीन समजलं.

आधी शब्द समजून घेऊ. रीळ म्हणजे चित्रं छापलेलं फिरतं चाक. रीळ ज्या ज्या जागी थांबू शकतं तो थांबा, इंग्रजीतला स्टॉप. प्रत्येक थांब्यावर एक चित्र असतं किंवा कोरी जागा असते, तिला ब्लँक म्हणतात. समोरच्या काचेतून प्रत्येक रिळाची तीन घरं दिसतात. त्यातल्या ज्या रेघेवर चित्रं जुळली तर पैसे मिळतात ती पेलाइन. कोणत्या जुळणीला किती मिळणार ते सांगणारा तक्ता म्हणजे पे-टेबल. आत नाणी साठवून बाहेर ओतणारं भांडं हॉपर. एवढ्यावर आपलं काम भागेल.

हे यंत्र मुळात निखळ यांत्रिक होतं. 1891 मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सिटमन आणि पिट या कंपनीनं पत्त्यांचं यंत्र काढलं. त्यात पाच पिंपं फिरायची, त्यांवर पोकरचे पत्ते असायचे. जुळण्या इतक्या होत्या की बक्षीस यंत्राला देता येत नसे, ते दुकानदार द्यायचा. बव्हेरियातून सॅन फ्रान्सिस्कोला आलेल्या चार्ल्स फे या कारागिरानं त्याच दशकात 'लिबर्टी बेल' बनवलं आणि ही अडचण सोडवली. त्यानं रिळं तीनच ठेवली. त्यांवर घोड्याचा नाल, इस्पिक, चौकट, बदाम आणि तडा गेलेली घंटा. तीन घंटा जुळल्या की यंत्र स्वतःच पाच सेंटची दहा नाणी खाली टाकायचं. दांडा ओढला की स्प्रिंग ताणली जाई, रिळं भिरकावली जात, आणि मग एकेक खटका डावीकडून उजवीकडे त्या त्या रिळाच्या खाचेत पडून ते थांबवी. टक, टक, टक. तो क्रम आजच्या पडद्यावरच्या रिळांनीही सोडलेला नाही.

या यंत्रात डोळ्याला दिसायचं तेच खरं होतं. प्रत्येक रिळावर दहा थांबे, तीन रिळं, म्हणजे 10 × 10 × 10, एकूण 1000 शक्यता. पुढे वीस थांब्यांची रिळं आली, शक्यता 8000 झाल्या. पण मोठं बक्षीस ठेवायचं तर ते फार दुर्मीळ हवं, आणि दुर्मीळ करायचं तर थांबे वाढवायला हवेत. थांबे वाढवायचे तर रीळ अवाढव्य होतं. रिळांची संख्या वाढवली तर खेळणाऱ्याला लगेच वास येतो की इथे जिंकणं अवघड आहे. म्हणजे बक्षिसाचा आकार लोखंडी चाकाच्या घेराला बांधला गेला होता. 1960 च्या दशकात बॅली कंपनीनं 'मनी हनी' हे विजेवर चालणारं यंत्र आणलं. त्याचा हॉपर एका वेळी 500 नाणी ओतू शकायचा. पण चाकाचा घेर तसाच राहिला.

ही गाठ इंगे टेलनेस या नॉर्वेजियन माणसानं सोडवली. त्याचं अमेरिकी पेटंट 1984 चं. युक्ती एका वाक्यात सांगता येते: रीळ कुठे थांबायचं ते रिळानं ठरवायचंच नाही.

यंत्राच्या आत एक चिप सतत आकडे काढत असते. तिला यादृच्छिक संख्या जनक म्हणा, जगभर रँडम नंबर जनरेटर किंवा थोडक्यात आरएनजी म्हणतात. कोणी खेळत नसलं तरी ती थांबत नाही, सेकंदाला शेकडो किंवा हजारो आकडे काढते आणि टाकून देते. तुम्ही बटण दाबता त्या क्षणीचा आकडा पकडला जातो. तीन रिळांसाठी तीन आकडे. खेळ तिथेच संपलेला असतो. नंतर रिळं फिरतात ती निकाल सांगण्यासाठी, ठरवण्यासाठी नाही. छोट्या मोटरी प्रत्येक रिळाला आधीच ठरलेल्या थांब्यावर नेऊन उभं करतात.

आता आकड्यावरून थांबा कसा ठरतो ते बघू, कारण खरी गंमत त्या पायरीवर आहे. समजा खऱ्या रिळावर 22 थांबे आहेत, 11 चित्रं आणि 11 कोऱ्या जागा. त्यात सात एकदाच आहे. यंत्राच्या स्मृतीत मात्र 64 घरांचं एक काल्पनिक रीळ आहे, व्हर्च्युअल रीळ. चिपनं दिलेल्या आकड्याला 64 नं भागायचं आणि बाकी बघायची. ती 0 ते 63 मधली काहीही असेल. मग एक तक्ता सांगतो की कोणत्या बाकीला खऱ्या रिळाचा कोणता थांबा.

हा तक्ता बनवणारा 64 घरं 22 थांब्यांना समान वाटत नाही. माझ्या उदाहरणात तो साताला एकच घर देईल: बाकी 0. साताच्या लगेच वरच्या कोऱ्या जागेला सहा घरं: बाकी 1 ते 6. साताच्या लगेच खालच्या कोऱ्या जागेला आणखी सहा: 7 ते 12. उरलेली 51 घरं बाकीच्या 19 थांब्यांत वाटून टाकेल. एखादा आकडा घेऊन बघा. 30,00,00,005 ला 64 नं भागलं तर बाकी 5 येते. म्हणजे साताच्या वरची कोरी जागा रेघेवर, आणि सात बरोबर तिच्या खाली. एका घरानं हुकला!

आकडा 30,00,00,000 असता तर बाकी 0 आली असती आणि सात रेघेवर बसला असता. मग पाचानंच हुकला म्हणायचं का? नाही. बाकी 40 आली असती तरी ती 0 पासून तितकीच लांब किंवा तितकीच जवळ होती. चिपच्या आकड्यांना शेजार नसतो. शेजार फक्त रिळावर असतो, आणि तो रंगवणाऱ्यानं आणि तक्ता बनवणाऱ्यानं मिळून रचलेला असतो.

आता हिशेब. डोळा रीळ बघतो आणि नकळत 22 मोजतो. त्याच्या हिशेबानं तीन सात रेघेवर येण्याची शक्यता 22 × 22 × 22 मध्ये एक, म्हणजे 10,648 मध्ये एक. यंत्राच्या हिशेबानं ती 64 × 64 × 64 मध्ये एक, म्हणजे 2,62,144 मध्ये एक. जवळपास 25 पटींनी कमी. काल्पनिक रीळ 256 घरांचं केलं तर 1,67,77,216 मध्ये एक. लोखंडी चाक तसूभरही वाढलेलं नाही.

हे झालं रेघेवर सात येण्याचं. आता काचेतल्या तीन घरांत कुठेही सात दिसण्याची शक्यता काढा. सरळ साध्या रिळावर ती 22 पैकी 3, साधारण सात फेऱ्यांत एकदा. आपल्या तक्त्यात 1 + 6 + 6, म्हणजे 64 पैकी 13, पाच फेऱ्यांत एकदा. तिन्ही रिळांवर एकाच वेळी सात काचेत दिसणं सरळ यंत्रात सुमारे 394 फेऱ्यांत एकदा घडेल, आपल्या यंत्रात सुमारे 119 फेऱ्यांत एकदा. बक्षीस 25 पटींनी दूर गेलं, आणि ते जवळ आल्याचा भास तिपटीहून जास्त झाला. एकाच तक्त्यानं दोन्ही कामं केली. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा दोनदा तपासून पाहिलं होतं. टेलनेसच्या पेटंटमध्येच हा हेतू उघड लिहिलेला आहे: कायद्याच्या चौकटीत राहून यंत्रानं जिंकण्याची शक्यता असते त्याहून मोठी भासवणं महत्त्वाचं आहे.

कायद्याची चौकट म्हणजे काय, याचा वाद अमेरिकेच्या नेवाडा राज्यात झाला. एका उत्पादकाची यंत्रं आधी हार ठरवायची आणि मग ती हार "थोडक्यात हुकली" अशी दिसावी म्हणून वेगळी चित्रं निवडायची. म्हणजे दुसऱ्यांदा निवड. 1989 मध्ये तिथल्या जुगार आयोगानं ही पद्धत बेकायदा ठरवली. व्हर्च्युअल रीळ मात्र चाललं, कारण त्यात निवड एकदाच होते आणि दिसतं ते त्याच निवडीचं फळ असतं. हा फरक मला तांत्रिकदृष्ट्या पटतो, पण खेळणाऱ्याच्या डोळ्याला तो दिसण्याचा काहीच मार्ग नाही. ज्या तक्त्यात ही वाटणी असते त्याला धंद्यात पार शीट म्हणतात, आणि ती यंत्रावर लावलेली नसते.

हुकलेल्या साताचं मेंदूत काय होतं, हेही तपासलं गेलं आहे. 2009 मध्ये मेंदू-संशोधक ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी लोकांना स्कॅनरमध्ये ठेवून साधा स्लॉटचा खेळ खेळायला दिला. थोडक्यात हुकल्यावर मेंदूचे काही तेच भाग जागे झाले जे जिंकल्यावर होतात. लोकांना विचारलं तर हुकणं त्यांना सरळ हरण्यापेक्षा जास्त नकोसं वाटत होतं, तरीही पुढची फेरी खेळायची इच्छा वाढत होती. धनुष्यबाण किंवा गोट्यांच्या खेळात ही ओढ उपयोगाची आहे, कारण तिथे नेम जवळ पडला म्हणजे हात सुधारतोय. इथे सुधारायला हातच नाही.

बाकीचे शब्द पटकन घेतो. आरटीपी म्हणजे लावलेल्या रकमेपैकी सरासरी किती परत येतं. नेवाडात कायद्यानं ते किमान 75 टक्के लागतं, न्यू जर्सीत 83. "90 टक्के परत" ऐकून लोकांना वाटतं की शंभर घेऊन गेलो तर नव्वद घेऊन येऊ. पण हे टक्के खिशातल्या रकमेवर नसतात, लावलेल्या एकूण रकमेवर असतात, आणि परत आलेलं आपण पुन्हा लावतो. तासाला 600 फेऱ्या, प्रत्येकी एक क्रेडिट (डाव लावायचं एकक), म्हणजे 600 लावले. सरासरी 60 गेले. दोन तासांत ते शंभर संपलेले असतात. व्होलॅटिलिटी म्हणजे ही सरासरी किती धक्के देत गाठली जाते ते. हिट फ्रिक्वेन्सी म्हणजे किती फेऱ्यांत काहीतरी मिळतं. या "काहीतरी"कडे लक्ष ठेवा: वीस रेघांवर वीस क्रेडिट लावले आणि सहा परत आले तरी दिवे लागतात, सूर वाजतात. चौदा गेले आणि यंत्र अभिनंदन करतं. प्रोग्रेसिव्ह जॅकपॉटमध्ये प्रत्येक डावाचा एक अंश सामायिक रकमेत जमा होत राहतो. अनेक ठिकाणची यंत्रं तारांनी जोडून असा साठा करणारं 'मेगाबक्स' 1986 मध्ये आलं, आणि 2003 मध्ये लास व्हेगासच्या एक्स्कॅलिबर या जुगारघरात त्यातून 3 कोटी 97 लाख डॉलरचं बक्षीस लागलं. ती बातमी आजही जाहिरातीसारखी फिरते.

आता भाच्याचं पहिलं वाक्य. चिपला मागच्या फेरीचा निकाल विचारात घ्यायला कोणी सांगितलेलंच नसतं. शक्यता 2,62,144 मध्ये एक असेल आणि तुम्ही बरोबर तितक्या फेऱ्या खेळलात, तरी जॅकपॉट एकदाही न लागण्याची शक्यता सुमारे 37 टक्के आहे. आणि न लागलेल्यांसाठी पुढच्या फेरीत ती परत तीच, 2,62,144 मध्ये एक. यंत्र तापत नाही, भरत नाही, देणं लागत नाही. शुभ वेळ, ठरावीक बोट, दाराजवळचं सढळ हातानं देणारं मशीन, यातलं काहीही चिपपर्यंत पोचत नाही. हे उपाय पैसे घेऊन शिकवणारे व्हिडिओ बघतो तेव्हा मला खरंच राग येतो. ज्याचे पैसे आधीच जात आहेत त्याच्याकडून आणखी घ्यायचे!

"मी उठलो आणि पुढच्याला लागलं" हीही अशीच वेदना. तुम्ही बसून राहिला असतात तर त्याच मिलिसेकंदाला बटण दाबलं नसतंत, आणि आकडा दुसराच पकडला गेला असता.

एक बारकावा मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. चिपचे आकडे पूर्ण बेभरवशाचे नसतात. ते सूत्रानं निघतात: आधीच्या आकड्यावरून पुढचा, म्हणून त्यांना छद्म-यादृच्छिक म्हणतात. सूत्र आणि सध्याची स्थिती कळली तर पुढचे सगळे आकडे कळतात. 2014 मध्ये अमेरिकेच्या मिसुरी राज्यातल्या एका जुगारघरात नेमकं हे घडलं. एक माणूस जुन्या पद्धतीच्या यंत्रासमोर फोन धरून काही फेऱ्या खेळायचा, निघून जायचा, आणि थोड्या वेळानं परत यायचा. परत आल्यावर त्याचं बोट बटणावर अधांतरी थांबलेलं असायचं आणि मग अचानक खाली यायचं. चित्रण दूर बसलेल्या साथीदारांकडे जात होतं. ते दिसलेल्या निकालांवरून सूत्राची स्थिती शोधत आणि योग्य क्षणांची यादी फोनवर पाठवत. फोन थरथरायचा तो त्या क्षणाच्या सुमारे पाव सेकंद आधी. इशारा कळून माणसाचं बोट हलायला साधारण तेवढाच वेळ लागतो.