घरात मांजर आहे? उंदीर पळवायचं मशीन लावण्याआधी हे वाचा

पेस्ट कंट्रोलसाठी फोन आला की पत्ता लिहून घेतल्यावर आमचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घरात मांजर आहे का? आम्ही उंदराच्या औषधासाठी विचारतोय, असं बऱ्याच जणांना वाटतं. तेही कारण आहेच. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर विष मांजराच्याही पोटात जातं. पण हल्ली जास्त बोलणं होतं ते प्लगमध्ये खोचायच्या, आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढून उंदीर पळवायच्या मशीनबद्दल. ‘माणसाला त्रास नाही, उंदीर मात्र गायब’ अशा छापाचं काहीतरी खोक्यावर असतं. माणसाचं नाव घेतलंय, मांजराचं नाही, हे लक्षात ठेवा.

तरुण माणसाच्या कानाला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज कळतो, वय वाढेल तसा त्याहून कमी. कुत्र्याची मजल ४५ हजारांच्या आसपास. अमेरिकेतल्या रिकी आणि हेन्री हेफ्नर या संशोधकांनी १९८५ साली मांजराची श्रवणमर्यादा मोजली, ती ४८ हर्ट्झपासून थेट ८५ हजार हर्ट्झपर्यंत भरली. एवढा मोठा पल्ला सस्तन प्राण्यांत थोड्यांनाच आहे. मांजराला त्याचा उपयोगही तसाच. उंदराची पिल्लं घरट्याबाहेर पडली की आईला हाका मारतात, त्या साधारण ४० हजार हर्ट्झ आणि त्यापुढच्या असतात. आपल्याला स्वयंपाकघर शांत वाटतं आणि मांजर मात्र फ्रिजच्या मागे टक लावून बसलेलं असतं, त्यामागे बहुधा असलंच काहीतरी असतं.

शिवाय मांजराच्या प्रत्येक कानाला वीसच्या वर स्नायू आहेत, आणि दोन्ही कान वेगवेगळे, जवळजवळ अर्धवर्तुळात फिरतात. एका बाबतीत मात्र आपण पुढे आहोत. आवाज नेमका कुठून आला हे माणसाला एक-दीड अंशाच्या फरकानेही कळतं, मांजराला त्यासाठी पाच-सहा अंश लागतात.

आता मशीनकडे वळू. त्याचा आवाज २० हजार हर्ट्झच्या वरचा, म्हणजे आपल्या कानापलीकडचा. पण उंदराला ऐकू जावा म्हणून काढलेला आवाज मांजराला चुकणार कसा? गेल्या पावसाळ्यात तळमजल्यावरच्या एका घरी गेलो होतो. ‘मनी आठ दिवस स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही, दूधसुद्धा हॉलमध्ये द्यावं लागतं’, असं काकू सांगत होत्या. डॉक्टरांना दाखवलं होतं, काही निघालं नव्हतं. मनी दारात बसली होती. नजर आमच्याकडे, पण डावा कान मिक्सरच्या सॉकेटकडे वळलेला आणि मधूनमधून फडफडणारा. सॉकेटमध्ये निळा दिवा लागलेलं मशीन होतं. ते काढलं, कान सरळ झाला. रात्री ती ओट्याखाली झोपल्याचा काकूंचा फोन आला. आणि उंदीर? मशीनच्या बरोब्बर खाली, कांद्याच्या टोपलीत ताज्या लेंड्या होत्या.

उंदराला मांजर साक्ष, असं आपण थट्टेनं म्हणतो. इथे मात्र तीच साक्ष खरी मानावी लागते, कारण मशीन आवाज करतंय की नुसता दिवा लागलाय, हे घरात फक्त तिलाच कळतं.

इतका उंच आवाज भिंतीतून, कपाटातून आरपार जात नाही, थोड्या अंतरावरच विरतो. उंदीर बिचकले तरी काही दिवसांत सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) २००१ मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना इशारापत्रं धाडली होती, दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा म्हणून. आम्ही ही मशीन विकत नाही आणि बसवूनही देत नाही. ज्या घरात मांजर आहे तिथे आधी भोकं बुजवतो: सिंकचा पाइप, डक्टची खिडकी, एसीच्या नळीभोवतीची फट. पेन्सिल जाईल एवढी जागा लहान उंदराला पुरते. आत तारेचा चोथा, वरून सिमेंट. विष ठेवायचंच झालं तर कुलपाच्या पेटीत आणि घराबाहेर.

कामात ड्रिल लागतं. त्या वेळी मांजराला लांबच्या खोलीत ठेवा, त्याचं अंथरूण आणि मातीचा ट्रे सोबत द्या, दार लावून घ्या. मांजर म्हातारं असेल आणि फॉइलच्या चुरचुरण्याने किंवा भांड्यावर चमचा वाजला की अंगाला झटके येत असतील, तर आम्हाला आधी सांगा. असल्या आवाजांनी वयस्कर मांजरांना फिट येते, हे २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या पशुवैद्यकांनी नोंदवलं आहे. अशा घरी आम्ही ड्रिल आणत नाही, जाळी चिकटवून बसवतो. तुम्हीही त्याला डॉक्टरांकडे न्याच.

मांजर पांढरंशुभ्र आणि दोन्ही डोळे निळे असतील तर तेही कळवा. अशी बरीच मांजरं जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत बहिरी होतात. डार्विननेही १८५९ च्या ग्रंथात हे लिहून ठेवलं आहे. एकच डोळा निळा असेल तर बहुधा त्याच बाजूचा कान गेलेला असतो. अशा मांजराला आमची चाहूल लागत नाही, आणि आमची शिडी जड आहे.