एक चाक गाऱ्यात, एक कोरड्यात

"चाक फिरस, पन गाडी हालत नही." चोपड्याकडच्या एका ड्रायव्हरदादांनी आपल्या ट्रकचं दुखणं एवढ्या सहा शब्दांत सांगितलं. केळीच्या बागेलगत घड भरून निघताना उजवीकडची मागची चाकं गाऱ्यात गेली. डावीकडची कोरड्या, टणक बांधावर होती. ॲक्सिलरेटर दाबला की उजवी चाकं चिखल उडवत गरागरा फिरायची आणि डावी जागची हलत नव्हती. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली. हे दोन-तीन पावसाळे चाललं. मग रिकाम्या रस्त्यावरसुद्धा मागच्या एक्सलमधून खरखर ऐकू येऊ लागली आणि गाडी धुळ्याजवळच्या एका गॅरेजात आली. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकचं काम जाणणारे हात इथे भेटतात.

मिस्तरींनी एक्सलचे दोन्ही दांडे बाहेर ओढले. मोठ्या ट्रकमध्ये गाडीचं वजन हाऊसिंग, म्हणजे एक्सलचं बाहेरचं कवच, आणि चाकाचा मधला हब पेलतात. दांडा फक्त पीळ, म्हणजे फिरवणारा जोर, पोचवतो, म्हणून चाक न काढता तो ओढता येतो. मग मधला डिफरन्शिअलचा सेट, म्हणजे दोन्ही चाकांना पीळ वाटणारी गिअरांची पेटी, खाली उतरला. इंजिनकडून येणारा छोटा गिअर म्हणजे पिनियन, तो ज्याला फिरवतो तो मोठा गिअर म्हणजे क्राऊन; या दोघांचे दात बऱ्या अवस्थेत होते. झिजले होते ते आतल्या क्रॉसवर, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या दांड्यावर, बसलेले चार छोटे गिअर. क्रॉसच्या भुजांवर खोल ओरखडे होते, वॉशर कागदासारखे पातळ झाले होते.

हेच गिअर का झिजले, हे कळलं की बाकीचं सगळं उलगडत जातं.

गाडी वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. दोन चाकांमध्ये 1.8 मीटर अंतर धरलं, तर काटकोनात वळताना बाहेरचं चाक साधारण 2.8 मीटर जास्त जातं. वळण चौकातलं असो की लळिंग घाटातलं, दोन्ही ठिकाणी काटकोन पुरा झाला की फरक तेवढाच. मला ही भूमितीची गंमत फार आवडते, कारण त्या हिशेबात वळणाची त्रिज्या कटून जाते. दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर असती, तर हे 2.8 मीटर टायर घासून भरून काढावे लागले असते. 1820 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर यांनी वाफेच्या गाडीसाठी यावर उपाय काढला. आजचं डिफरन्शिअल त्याच कल्पनेवर चालतं.

आतली रचना अशी समजा. मधोमध धरलेली एक काठी, तिच्या दोन टोकांपुढे दोन माणसं. तुम्ही काठी पुढे ढकलता तेव्हा दोघांवर सारखाच जोर येतो. एकाने माघार घेतली की काठी त्या बाजूला फिरून जाते आणि दुसऱ्यावरचा जोरही संपतो. क्रॉसवरचा प्रत्येक छोटा गिअर म्हणजे अशी काठी, आणि दोन्ही चाकांचे साइड गिअर म्हणजे ती दोन माणसं. म्हणून साधं डिफरन्शिअल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच पीळ देतं. समजा, कोरड्यातलं चाक 1,000 किलोचा रेटा झेलू शकतं आणि गाऱ्यातलं जेमतेम 100 किलोचा. मग कोरड्यातल्यालाही 100 किलोच मिळतात. दोन्ही मिळून 200, आणि तेवढ्यावर भरलेला ट्रक हलत नाही.

झीजही तिथूनच येते. सरळ रस्त्यावर हे छोटे गिअर क्रॉसवर फिरतच नाहीत, वळणावर जरासे फिरतात. पण एक चाक थांबलं की दुसरं क्राऊनच्या दुप्पट वेगाने फिरतं आणि छोटे गिअर क्रॉसवर भिंगरीसारखे फिरू लागतात. त्यांना बॉल किंवा रोलरचं बेअरिंग नसतं. त्या वेगात तेलाचा थर तुटतो आणि धातू धातूला खातो. म्हणजे चिखलात दिलेला प्रत्येक रेस या चार गिअरांच्या आयुष्यातून वजा होत होता.

आपली तापीकाठची काळी माती इथे गाडीची परीक्षाच बघते. बेसॉल्ट खडकापासून आलेल्या या मातीतले चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात. ओल धरते म्हणून केळी फोफावते, आणि तीच ओली माती टायरच्या खाचांत गच्च बसून टायर गुळगुळीत करते.

मग नुसते नवे गिअर बसवायचे, की डिफरन्शिअलचा प्रकारच बदलायचा? मालकांच्या मनात चकत्यांचा प्रकार होता. त्यात क्लचसारख्या प्लेट दोन्ही चाकांना थोडं बांधून ठेवतात. तो शांत चालतो, पण प्लेट झिजतात, तेलात वेगळं मिश्रण लागतं, आणि पूर्ण लोड घेऊन चिखलातून निघायला हा प्रकार मला कमकुवत वाटतो. दुसरा प्रकार फक्त तिरप्या दातांच्या गिअरांचा. तो कमी पकड असलेल्या चाकाच्या काही पट पीळ दुसऱ्याला देतो. पट 3 असेल, तर वरच्या उदाहरणात 100 आणि 300 मिळून 400 किलो होतात. पण एक चाक अधांतरी असेल तर शून्याची तिप्पटही शून्यच. तेव्हा ब्रेक हलका दाबून त्या चाकाला खोटा भार द्यावा लागतो.

खानदेशातल्या शेतकऱ्याला तिसरा प्रकार सांगावा लागत नाही. ट्रॅक्टरवर पायाने दाबायचा डिफरन्शिअल लॉकचा पेडल त्याने कितीदा दाबलेला असतो. टिपरमध्ये तेच काम बटण आणि ब्रेकच्या टाकीतली हवा करते. दातांची एक कडी सरकते आणि एका बाजूचा दांडा डिफरन्शिअलच्या पेटीला जखडला जातो. मग 1,000 आणि 100 मिळून 1,100 किलो. या ट्रकचं बहुतेक आयुष्य डांबरी रस्त्यावर जाणार आणि उरलेली थोडी वाट शेतरस्त्याची, म्हणून मला हाच प्रकार योग्य वाटला. मिस्तरींचंही तेच मत पडलं. त्या हाऊसिंगच्या कंपनीचाच लॉकवाला सेट मागवला.

पण त्यांनी आधी दोन्ही दांड्यांचे खाचेदार टोक उजेडात धरून निरखले. साध्या डिफरन्शिअलमध्ये एका दांड्यावर कधीच निम्म्याहून जास्त पीळ येत नाही. लॉक लावल्यावर जवळजवळ सगळा पीळ एकाच दांड्यावर येऊ शकतो. डाव्या दांड्याच्या खाचा किंचित पिळल्या होत्या, तो बदलला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो क्राऊन-पिनियन बसवण्यात. हे दोन गिअर कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात आणि जोडीचा नंबर दोघांवर असतो. एकाचा क्राऊन दुसऱ्याच्या पिनियनशी लावला की दात आयुष्यभर रडतात. दातांची संख्याही विचारपूर्वक ठरवतात. 41 आणि 7 अशी जोडी असेल तर दोघांना समान भाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात आळीपाळीने क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सारखी वाटली जाते.

पिनियनची खोली शिमने, म्हणजे कागदासारख्या पातळ धातूच्या चकतीने, ठरते. मिस्तरींनी दातांना रंग लावला, क्राऊन हाताने फिरवला आणि ठसा पाहिला. पहिल्यांदा ठसा दाताच्या मुळाशी उतरला होता, म्हणजे पिनियन जास्त आत. शिम बदलून पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा रंग, पुन्हा ठसा. चौथ्या वेळी तो दाताच्या मधोमध आला. मग डायल गेज लावून दातांमधला मोकळा खेळ मोजला. तो मिलिमीटरचा एक छोटासा अंश असतो. खेळ कमी पडला तर गरम झाल्यावर दात आवळतात, जास्त झाला तर प्रत्येक गिअर बदलताना आपटतात. त्या सगळ्या दुपारी मिस्तरींनी एकदाही अंदाजावर काम सोडलं नाही, आणि मी त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो.

तेल 85डब्ल्यू-140 भरलं. त्यातल्या गंधकाचा उग्र वास लगेच पसरला. या गिअरांचे दात एकमेकांवर लोळतात तसे घसरतातही. घसरून तापलेल्या जागी गंधक लोखंडाशी संयोग पावून पातळ थर धरतो आणि दात एकमेकांना चिकटत नाहीत.

ड्रायव्हरदादांना मिस्तरींनी लॉकचे नियम दोनदा म्हणून दाखवायला लावले. फसण्याआधी लावायचा, चाक जागच्या जागी गरागरा फिरत असताना कधीच नाही. सरळ आणि हळू जायचं. डांबर आलं की काढायचा, नाहीतर ते 2.8 मीटर टायर आणि दांडे भोगतील.

शेवटी मागचा भाग घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, उचलला, गाडी गिअरमध्ये ठेवली. मी डावं चाक पुढे ढकललं, तर उजवं मागे फिरलं. मिस्तरींनी बटण दाबलं, हवा फुसफुसली. चाक अजून बोटभर सरकलं, आतून टक्क आवाज आला, आणि मग दोन्ही हातांनी जोर लावूनही ते हललं नाही.