फॉस्फोफायलाइट

फॉस्फोफायलाइट हे जस्त आणि लोहाचं जलयुक्त फॉस्फेट खनिज आहे. रंग फिका निळसर-हिरवा, कधीकधी अगदी बिनरंगी, स्फटिक चांगला असेल तर आरपार दिसतं. नावातला पहिला भाग फॉस्फेटचा आणि दुसरा पान या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा, कारण पानासारखे पापुद्रे सुटतात. निसर्गात हे फारच कमी सापडतं, चांगले स्फटिक दिलेल्या जागा हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच. पण याच संयुगाचा थर कारखान्यांमध्ये पोलादी पत्र्यावर दिवसरात्र चढवला जातो, आणि चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात बॉडी शॉपमधून निघालेली गाडी रंगाला जायच्या आधी तिच्या अंगावर जो करडा थर बसतो त्यात बऱ्याचदा हेच असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

काय आहे आत

सूत्र शब्दांत सांगायचं तर दोन जस्त, एक लोह, दोन फॉस्फेट गट आणि चार पाण्याचे रेणू. लोह इथे फेरस म्हणजे द्विसंयुजी अवस्थेतलं. वजनाने बघितलं तर जस्त साधारण २९ टक्के, लोह साडेबाराच्या आसपास आणि पाणी १६ टक्के, म्हणजे दगडाच्या जवळजवळ सहाव्या हिश्श्याचं वजन निव्वळ पाण्याचं. लोहाच्या जागी थोडंफार मँगनीज शिरलेलं असतं, ते चालतं.

हे पाणी नक्की कुठे बसलंय हे समजलं की या खनिजाचे अर्धे गुणधर्म आपोआप समजतात. आपल्याकडे पाणीवाली खनिजं म्हटली की दख्खनच्या बेसाल्टमधले झिओलाइट आठवतात, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट वगैरे, नाशिक-जळगाव-पुण्याच्या खाणींतले. त्या झिओलाइटमध्ये पाणी पोकळ बोळांमध्ये राहतं, तापवलं की निघून जातं, बऱ्याचदा सांगाडा तसाच उभा राहतो आणि ओल मिळाली की पाणी परत आत येतं. फॉस्फोफायलाइटमध्ये तसं नाहीये. इथे चारही पाण्याचे रेणू लोहाच्या अणूला थेट बांधलेले आहेत, ते रचनेचाच भाग आहेत, त्यामुळे तापवून पाणी घालवलं की सांगाडाही मोडतो.

रचना अशी आहे की जस्ताच्या प्रत्येक अणूभोवती चार ऑक्सिजन, फॉस्फरसभोवतीही चार, असे दोन्हींचे चतुष्फलक एकमेकांचे कोपरे वाटून घेत सपाट पत्रे तयार करतात. दोन पत्र्यांच्या मधे लोहाचे अष्टफलक असतात, सहा कोपऱ्यांचे, त्यातले चार कोपरे पाण्याने भरलेले आणि उरलेले दोन फॉस्फेटच्या ऑक्सिजनचे, एक वरच्या पत्र्याचा, एक खालच्या. म्हणजे पत्रा स्वतः घट्ट, पण पत्र्या-पत्र्यांमधला सांधा अगदी थोड्या जागी आणि बाकी सगळी भिस्त पाण्याच्या हायड्रोजन बंधांवर. त्यामुळे एका दिशेने हे खनिज बेकरीतल्या खारीसारखं पदराने सुटतं. भूविज्ञानात याला परिपूर्ण पाटन म्हणतात. आणखी दोन दिशांनीही पाटन आहे, थोडं कमी स्पष्ट, पण आहे, आणि तीन-तीन दिशांनी सुटणाऱ्या वस्तूला कापायला घेणाऱ्याचं काय होत असेल ते खाली येईलच.

स्फटिक प्रणाली मोनोक्लिनिक म्हणजे एकनताक्ष. मोह्ज मापावर कठिनता ३ ते ३.५, सुरीने आरामात ओरखडा पडतो. विशिष्ट गुरुत्व ३.१ च्या जवळपास, चमक काचेसारखी, कस म्हणजे घासल्यावर उमटणारी रेघ पांढरी. अपवर्तनांक १.५९ ते १.६२ च्या दरम्यान, द्विअपवर्तन ०.०२ च्या आसपास, प्रकाशीय दृष्ट्या द्विअक्षीय आणि ऋण. शॉर्टवेव्ह अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली जांभळट प्रकाशतं. आम्लात विरघळतं, याचा उपयोग पुढे फॉस्फेटिंगमध्ये, म्हणजे पत्र्यावर हा थर चढवताना, उलट्या बाजूने होतो.

वर्गीकरण

खनिजांची रासायनिक घटक आणि रचनेवरून विभागणी करणाऱ्या स्ट्रुन्झ पद्धतीत याचा क्रमांक ८.सीए.४०. नुसता आकडा बघून काही कळत नाही, म्हणून फोड करूया. ८ म्हणजे फॉस्फेट, आर्सेनेट आणि व्हॅनाडेट यांचा वर्ग. मग प्रश्न येतो की फॉस्फेट सोडून दुसरा कुठला ऋणभारित गट, म्हणजे हायड्रॉक्सिल किंवा फ्लोराइड वगैरे, आहे का आणि पाणी आहे का. दुसरा गट नाही पण पाणी आहे, अशांचा विभाग सी. दोन्ही असतील तर डी. सगळ्यांना माहीत असलेला पिरोजा डी मध्ये जातो कारण त्यात पाण्यासोबत हायड्रॉक्सिलही असतं, म्हणून दोघंही जलयुक्त फॉस्फेट असले तरी फॉस्फोफायलाइट आणि पिरोजा वेगवेगळ्या घरात. त्यानंतर धातूच्या आयनांचा आकार बघतात. सीए मध्ये लहान आयनाबरोबर मध्यम किंवा मोठा आयन असतो, इथे जस्त लहान जागेवर बसतं आणि लोह मध्यम. व्हिव्हियानाइट नावाचं लोहाचं जलयुक्त फॉस्फेट, जे दलदलीत आणि जुन्या हाडांवर निळं होऊन बसतं, त्यात फक्त मध्यम आकाराचे आयन आहेत म्हणून ते सीई मध्ये.

माझ्या मते वर्गीकरणातला खरा रस शेजाऱ्यांमध्ये आहे. ८.सीए.३० वर होपाइट बसलंय, त्यात लोहाच्या जागीसुद्धा जस्तच, म्हणजे तीन जस्त, दोन फॉस्फेट, चार पाणी. अष्टफलकाची जागा तशीच, त्यावरचं चार पाणीही तसंच, फक्त आतला धातू बदलला आणि सममिती वाढून स्फटिक समचतुर्भुजी झाला. त्याच घटकांची पण वेगळी मांडणी म्हणजे पॅराहोपाइट, ते त्रिनताक्ष. आणि लोहाच्या ठिकाणी कॅल्शियम आलं आणि पाणी चारचं दोनवर आलं की शोल्झाइट. तर एकाच जागेवर धातू बदलत गेला की शेजारी नवं खनिज उभं राहतं असा हा मोहल्ला आहे.

होपाइटला नाव एडिंबराचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस चार्ल्स होप यांचं मिळालं आणि ते आधी बेल्जियमच्या सीमेवरच्या आल्टनबर्ग जस्त खाणीतून ओळखलं गेलं. पुढे झांबियातल्या काब्वेला, जिथे १९२१ साली ती प्रसिद्ध आदिमानवाची कवटी निघाली त्याच खाणीत, प्राण्यांच्या हाडांनी भरलेल्या गुहेत होपाइट आणि पॅराहोपाइट भरपूर मिळालं. जस्ताच्या खनिजात गुहा, गुहेत हाडं, हाडांतून फॉस्फेट, इतका सरळ हिशोब. फॉस्फोफायलाइटच्या बाबतीत हिशोब इतका सरळ नाही.

आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या यादीत फॉस्फोफायलाइट मान्य खनिज आहे, १९५९ च्या आधी वर्णन झालेलं असल्यामुळे जुन्या हक्काने आत आलेलं.

कुठे मिळतं

पहिलं वर्णन १९२० सालचं, लाउबमान आणि श्टाइनमेट्झ या दोघांचं, नमुने जर्मनीत बव्हेरियाच्या हागेनडॉर्फचे. हागेनडॉर्फ म्हणजे पेग्मटाइट, ग्रॅनाइटच्या शेवटच्या पातळ रसातून गोठलेला मोठ्या कणांचा खडक, आणि तो खोदला जायचा फेल्डस्पारसाठी, फॉस्फेटसाठी नाही. पण आत ट्रिफिलाइटचे मोठाले गोळे होते. ट्रिफिलाइट म्हणजे लिथियम आणि लोहाचं फॉस्फेट, आणि हो, आजकाल ई-स्कूटरच्या बॅटरीवर एलएफपी लिहिलेलं असतं तेच संयुग, निसर्गातलं. या गोळ्यांमध्ये गरम आणि मग गार होत जाणारं पाणी शिरलं, लिथियम निघून गेलं, लोह आणि फॉस्फेट मोकळं झालं, शेजारी स्फॅलेराइट म्हणजे जस्ताचा सल्फाइड होता तोही कुजला, त्यातून जस्त आलं, आणि हे सगळं एका ठिकाणी, कमी तापमानाला, लोह फेरसमधून फेरिक म्हणजे त्रिसंयुजी व्हायच्या आत जमलं तरच फॉस्फोफायलाइट. दुर्मिळ का, तर इतक्या अटी एकाच वेळी पुऱ्या व्हायला लागतात म्हणून. जस्त आणि फॉस्फेट ही जोडी पेग्मटाइटमध्ये नेहमी भेटत नाही, आणि भेटली तरी हवा लागून लोह गंजलं की खेळ संपला. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरची पालेर्मो खाण याच प्रकारची, तिथेही मिळालंय. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या रीपहूक हिलवर शोल्झाइटच्या सोबतीने मिळतं.

पण संग्राहकांना विचाराल तर एकच नाव घेतील, पोटोसी. बोलिव्हियातला सेरो रिको डोंगर, १५४५ पासून चांदीसाठी आणि नंतर कथिलासाठी पोखरलेला. तिथल्या युनिफिकादा खाणीत १९५० च्या दशकाच्या शेवटी जे स्फटिक निघाले ते काही सेंटिमीटर लांबीचे, समुद्राच्या उथळ पाण्याच्या रंगाचे, आणि बरेच जुळे, म्हणजे दोन स्फटिक एका पृष्ठभागावर एकमेकांना चिकटून माशाच्या शेपटीसारखी खाच तयार झालेले. इथे पेग्मटाइट नाही, गरम द्रावणांतून भरलेल्या धातूच्या शिरा आहेत, तरी स्फॅलेराइट भरपूर असल्यामुळे जस्ताचा प्रश्न नव्हता. हागेनडॉर्फचे नमुने अभ्यासाला महत्त्वाचे, पण नजर ठरते ती पोटोसीवर. आज बाजारात जुन्या पोटोसी स्फटिकाची किंमत ऐकली तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातले झिओलाइटचे गुच्छ सुद्धा परवडणारे वाटतील.

रत्न म्हणून

नवरत्नात याला जागा नाही आणि कुठल्या ग्रहालाही अजून नेमून दिलेलं नाही, ते एक बरंच आहे. पैलू पाडलेले खडे आहेत, पण ते अंगठीत घालण्यासाठी नाहीत, डबीत ठेवण्यासाठी आहेत. कारण वर सांगितलेलं पाटन. चाकावर थोडा दाब जास्त पडला, डॉपवर म्हणजे खडा धरायच्या दांडीवर चिकटवताना जरा उष्णता लागली, की कड सुटते, मग खडा लहान करावा लागतो, मग परत सुटते. अल्ट्रासॉनिक सफाई, वाफ, आम्ल हे सगळं वर्ज्य. मोठे आणि स्वच्छ स्फटिक इतके कमी की ते कापणं हा माझ्या मते गुन्हाच, आणि सुदैवाने बहुतेक मालकांनाही तसंच वाटतं, कारण अख्ख्या जुळ्या स्फटिकाला संग्राहक जे मोजतात ते कापलेल्या खड्याला मिळेलच असं नाही. जे कापले जातात ते बहुधा आधीच तुटलेले तुकडे.

पत्र्यावरचं फॉस्फोफायलाइट

आता दुसरी बाजू. पोलादी पत्र्यावर रंग नीट धरावा आणि खरवडला तरी गंज आत पसरू नये म्हणून आधी झिंक फॉस्फेटिंग करतात. पावडर कोटिंगवाल्यांकडे याला सेव्हन टँक म्हणतात, तेल काढणं, धुणं, गंज काढणं, परत धुणं, मग फॉस्फेट, धुणं, पॅसिव्हेशन म्हणजे थराला गंजरोधक शेवटचा हात, टाक्यांची संख्या कुठे कमी कुठे जास्त. मोठ्या कार प्लँटमध्ये आख्खी बॉडी बुडवतात आणि फॉस्फेटच्या आधी ॲक्टिव्हेशनची वेगळी टाकी असते, त्यात टायटॅनियम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म कण पत्र्यावर चिकटतात आणि स्फटिक धरायला जागा मिळते.

फॉस्फेटच्या टाकीत फॉस्फरिक आम्ल आणि जस्ताचं फॉस्फेट असतं. आम्ल पत्र्यातलं लोह थोडंसं खातं, तिथे आम्लता खर्च होते, पत्र्याला लागून असलेल्या पातळ थरात पीएच वाढतो, आणि जे आम्लात विरघळलेलं होतं ते तिथल्या तिथे पत्र्यावर बसतं. पत्र्यातून नुकतंच सुटलेलं फेरस लोह जस्ताबरोबर फॉस्फेटमध्ये शिरलं तर फॉस्फोफायलाइट, लोह कमी पडलं तर होपाइट. म्हणजे यात लोह बाहेरून टाकावं लागत नाही, पत्राच ते पुरवतो. दोन-तीन मिनिटांचं काम. पत्रा वर येतो तेव्हा त्याची सगळी चकाकी गेलेली असते, मॅट करडा दिसतो, मायक्रोस्कोपखाली बघितलं की एकमेकांत घुसलेले बारीक स्फटिक, थराची जाडी काही मायक्रॉन फक्त. जास्तीचं लोह ॲक्सिलरेटरमुळे, म्हणजे काम लवकर व्हावं म्हणून टाकीत घातलेल्या रसायनामुळे, फेरिक होऊन टाकीच्या तळाशी गाळ होतं, तो स्लज उपसणं हे या लाइनवरचं सगळ्यात नावडतं काम.

होपाइट आणि फॉस्फोफायलाइट यातला फरक इथे पैशाचा आहे. पुढच्या टप्प्यात बॉडीला सीईडी म्हणजे विजेने प्राइमर बसवतात, त्या वेळी बॉडी ऋण टोक असते आणि पृष्ठभागावर अल्कधर्मीपणा खूप वाढतो. होपाइट त्यात जास्त विरघळतं, फॉस्फोफायलाइट कमी. म्हणून थरात कोणाचा वाटा किती हे क्ष-किरण विवर्तनाने मोजतात, फॉस्फोफायलाइटची मुख्य रेषा सुमारे ८.८ ऑंगस्ट्रॉमला आणि होपाइटची ९ च्या जवळ, दोन्ही एकमेकींना इतक्या खेटून की उपकरण नीट लावलेलं नसेल तर मिसळूनच दिसतात. त्यांच्या तीव्रतेवरून काढलेल्या गुणोत्तराला, म्हणजे दोन्हींच्या बेरजेतल्या फॉस्फोफायलाइटच्या वाट्याला, पी रेशो म्हणतात. टाकीत जस्त कमी ठेवलं आणि फवाऱ्याऐवजी बुडवून काम केलं की पी रेशो वाढतो.

गॅल्व्हनाइझ्ड म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पत्र्यावर मात्र लोह वरती नसतंच, त्यामुळे नुसतं होपाइट बनतं. त्यावर उपाय म्हणून टाकीत मँगनीज आणि निकेल घालतात, ते लोहाच्या रिकाम्या अष्टफलकी जागेवर जाऊन बसतात आणि थर अल्कलीला टिकायला लागतो, रचनेच्या भाषेत सांगायचं तर शेजारच्या घराचीच युक्ती. पण नियमाने बघितलं तर यातलं काहीच खनिज नाही. खनिज म्हणवून घ्यायला भूवैज्ञानिक प्रक्रियेतून तयार व्हावं लागतं, टाकीतून आलेलं ते संयुग, भले रचना अगदी पोटोसीसारखी असो.

अलीकडे काही प्लँटमध्ये फॉस्फेटच्या जागी झिर्कोनियमची प्रक्रिया आली आहे, थर त्याहून कितीतरी पातळ, स्लज कमी, निकेल नाही, टाकी गरम करायचा खर्च वाचतो. त्या लाइनवर फॉस्फोफायलाइट बनतच नाही.