एका बुडबुड्यातले दोन दाब

पातेल्यात पाणी तापत ठेवले की ते उकळण्याच्या बरेच आधी तळाला आणि कडांना बारीक बुडबुडे चिकटलेले दिसू लागतात. ही वाफच, असा अनेकांचा समज असतो. परंतु 60 अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, जेमतेम 0.2 ॲटमॉस्फिअर असतो (हवेचा नेहमीचा दाब 1 ॲटमॉस्फिअर) आणि बाहेरच्या हवेचा भार पेलून स्वतंत्र बुडबुडा फुगवण्याची ताकद त्याच्यात नसते. हे बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात. मात्र त्यांच्यात निव्वळ हवा असते असेही नाही, कारण भोवतालचे पाणी बुडबुड्याच्या पोकळीतही बाष्प सोडत राहते आणि त्यामुळे आतल्या एकूण दाबापैकी सुमारे पाचवा हिस्सा बाष्पाचा व उरलेला हवेचा असतो. बाष्पदाब आणि वायूची विद्राव्यता (विरघळण्याचे प्रमाण) हे पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या पानांवर येणारे विषय इथे एकाच बुडबुड्यात एकत्र नांदतात.

बंद भांड्यात द्रव ठेवला, तर त्याच्या पृष्ठभागावरून काही रेणू सतत निसटतात आणि वरचे काही रेणू सतत परत येतात. जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची संख्या सारखी झाली की वरच्या बाष्पाचा जो दाब स्थिर होतो, तो त्या द्रवाचा बाष्पदाब. विरघळलेल्या वायूचेही नेमके असेच घडते. फरक आहे तो आपण प्रश्न कसा विचारतो यात. द्रावकाबद्दल, म्हणजे ज्यात वायू विरघळतो त्या द्रवाबद्दल, आपण विचारतो, ‘याचे किती रेणू वर गेले?’ आणि वायूबद्दल विचारतो, ‘याचे किती रेणू खाली राहिले?’

मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनी 1803 मध्ये दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले: तापमान कायम असताना विरघळलेल्या वायूचे प्रमाण द्रवावरील त्या वायूच्या आंशिक दाबाच्या (एकूण दाबातील त्याच्या वाट्याच्या) समप्रमाणात असते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ फ्रान्स्वा-मारी राउल्ट यांनी 1880 च्या दशकात दिले: द्रावणातील घटकाचा बाष्पदाब हा त्याच्या शुद्ध स्थितीतील बाष्पदाबाला द्रावणातील त्याच्या मोल-अंशाने (एकूण रेणूंपैकी त्याच्या रेणूंच्या हिश्श्याने) गुणून मिळतो. दोन्ही सूत्रे शेजारी मांडली की त्यांचे साम्य लपत नाही. दोन्हींत दाब म्हणजे एक स्थिरांक गुणिले मोल-अंश. राउल्टच्या सूत्रात तो स्थिरांक शुद्ध पदार्थाचा बाष्पदाब असतो, तर हेन्रीच्या सूत्रात तो प्रयोगाने मोजावा लागतो.

हा फरक किती मोठा ठरू शकतो, हे कार्बन डायऑक्साइडवरून कळते. 25 अंशांना द्रवरूप कार्बन डायऑक्साइडचा बाष्पदाब सुमारे 64 ॲटमॉस्फिअर असतो, म्हणून राउल्टच्या हिशेबाने 1 ॲटमॉस्फिअर दाबाखाली द्रावणातील दर 64 रेणूंमागे एक रेणू या वायूचा असायला हवा. पाण्यात प्रत्यक्षात तो साधारण 1,600 रेणूंमागे एक आढळतो. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात आणि परक्या रेणूला सहज जागा देत नाहीत. म्हणून वायूची निसटण्याची ओढ पाण्यात कितीतरी पटींनी वाढते. अनेक सेंद्रिय द्रावकांत मात्र राउल्टचा अंदाज वास्तवाच्या बराच जवळ जातो. सोड्याची बंद बाटली शांत असते आणि झाकण उघडताच फसफसते, कारण पाण्याच्या या नाखुशीवर वरच्या काही ॲटमॉस्फिअर दाबाने मात केलेली असते आणि बाटली उघडताच तो दाब नाहीसा होतो.

आता तापमानाकडे वळू. तापमान वाढले की रेणूंची निसटण्याची प्रवृत्ती वाढते, म्हणून पाण्याचा बाष्पदाब चढतो आणि नेहमीच्या तापमानकक्षेत पाण्यातील वायूंची विद्राव्यता उतरते. हवेच्या संपर्कातील गोड्या पाण्यात 0 अंशाला लिटरमागे सुमारे 14.6 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 25 अंशांना सुमारे 8.3 मिलिग्रॅम. (हा सार्वत्रिक नियम मानू नये, काही सेंद्रिय द्रावकांत हायड्रोजन किंवा नायट्रोजन तापमानाबरोबर अधिक विरघळतो.) उकळण्याच्या जवळ दुसरे कारणही येऊन मिळते. 90 अंशांना पाण्याच्या बाष्पाचा दाबच सुमारे 0.7 ॲटमॉस्फिअर असतो, त्यामुळे पाण्याला लगटून असलेल्या बाष्पाच्या थरात हवेच्या वाट्याला फक्त 0.3 उरतो, 100 अंशांना तर काहीच उरत नाही. आंशिक दाब शून्य झाला की हेन्रीच्या नियमानुसार विद्राव्यताही शून्य, आणि म्हणूनच प्रयोगशाळेत पाणी वायुमुक्त करण्यासाठी ते काही वेळ उकळत ठेवण्याची साधी रीत आजही वापरात आहे.

मिठाने मात्र हे दोन दाब विरुद्ध दिशांना जातात. पाण्यात मीठ विरघळवले की पाण्याच्या रेणूंचे निसटणे कमी होते आणि बाष्पदाब घटतो. समुद्राच्या पाण्यात ही घट सुमारे 2 टक्के असते. मग वायूही द्रावणात जास्त टिकून राहील असे वाटते, पण घडते उलटेच: सोडियम आणि क्लोराइड आयन पाण्याचे रेणू स्वतःभोवती गुंतवून ठेवतात, वायूसाठी मोकळे पाणी कमी पडते आणि त्याची निसटण्याची ओढ वाढते. त्यामुळे सारख्याच तापमानाला समुद्राच्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा जवळजवळ एक-पंचमांश ऑक्सिजन कमी मावतो. एकाच मिठाने पाण्याला आत रोखले आणि वायूला बाहेर ढकलले.